दंड सरकारला, भुर्दंड आपल्याला

दंड आणि भरपाई हे दोन वेगळे शब्द आहेत, पण घराच्या व्यवहारातल्या फसवणुकीची बातमी वाचताना आपण ते बिनधास्त एकच धरतो. ‘एजंटाला दंड’ असं छापून आलं की वाटतं, चला, न्याय झाला. प्रत्यक्षात दंडाचे पैसे जातात सरकारी खात्यात. ज्याची टोकनची रक्कम बुडाली त्याच्या हातात त्यातला रुपयासुद्धा पडत नाही. त्याला हवी असते भरपाई. आणि भरपाईचा रस्ता वेगळा आहे, लांबचा आहे, आणि एजंटापाशी पोचेपर्यंत चक्क तुटलेला आहे.

हा रस्ता कुणी, कधी आणि किती बांधला, ते या विकांताला जरा खोदून बघितलं. आयटीतल्या निम्म्या पब्लिकचं आयुष्य गृहकर्जाच्या हप्त्यांच्या तालावर चालतं. आपण सिमेंटचा ग्रेड आणि कार्पेट एरिया यांवर तासभर वाद घालतो, मग हा इतिहास माहीत असायला काय हरकत आहे?

सुरुवात दलालापासूनच करू. शब्द अरबीतून आलेला, मूळ अर्थ साधारण ‘दाखवणारा, वाट दाखवणारा’. म्हणजे मुळात शिवी नव्हे, धंदा. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारे दलाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे लेखी करार नसायचा, पण एक गोष्ट असायची: पुढच्या आठवड्याचा बाजार. आज कुणाला टोपी घातली तर पुढच्या आठवड्यात त्या दलालाजवळ कुणी फिरकणार नाही. त्याची पत हीच त्याची अनामत रक्कम होती.

घराच्या बाजारात नेमकी हीच गोष्ट नाही. मध्यमवर्गीय माणूस घर घेतो आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. एजंटाला तुमची पुन्हा गरज पडणार नसते. त्याच्या दृष्टीने तुम्ही एकदाच येणारं गिऱ्हाईक, आणि तुमच्या दृष्टीने ती आयुष्याची कमाई. ज्या बाजारात ‘पुढचा आठवडा’ नाही, तिथे पतीच्या जागी कायदा उभा करावा लागतो.

आपल्याकडचा पहिला मोठा आधार म्हणजे १८७२ चा करार कायदा. इंग्रजांनी केला, आणि अजून आपण वापरतोय. त्याचं कलम २३८ दलालीच्या बाबतीत फार महत्त्वाचं. ते सांगतं, की मालकाच्या वतीने काम करताना एजंटाने केलेली फसवणूक ही त्या व्यवहारापुरती मालकानेच केल्यासारखी धरायची. ऐकायला झकास. पण त्याच कलमाचा उत्तरार्ध सांगतो, की मालकाने जे अधिकार एजंटाला दिलेच नव्हते, त्याबाबतीत एजंटाने काही थापा मारल्या तर मालक बांधील नाही. ‘तो आमचा माणूसच नाही हो’ हे वाक्य आज सेल्स ऑफिसात ऐकू येतं ना, त्याची मुळं दीडशे वर्षं जुनी आहेत. मग उरतो एकटा एजंट, आणि त्याच्यावर दिवाणी दावा. वकील, कोर्ट फी, तारखा. निकाल लागेपर्यंत एजंटाने दुकानाची पाटी बदललेली असते.

मुंबईत तर दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ आणखी रंगला. घरांची टंचाई, त्यात १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. भाडी गोठली आणि पागडी फोफावली. भाड्यापलीकडे अशी रक्कम घेणं कायद्याने गुन्हा होतं, म्हणून ती घेतली जायची पावतीशिवाय, आणि बऱ्याचदा मध्यस्थामार्फत. पागडीला महाराष्ट्रात कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने, जो २००० साली लागू झाला. म्हणजे मधली पन्नासेक वर्षं शहरातला एक मोठा व्यवहार असा चालला, की ज्याचा कागदच नाही. कागद नाही म्हटल्यावर नुकसान सिद्ध कसं करणार आणि भरपाई कसली मागणार? घराच्या व्यवहारात ‘काही रक्कम रोख द्या’ या वाक्याला आपण अजून फारसे दचकत नाही, त्यामागे ही सवय असावी असं माझं मत आहे.

याच काळात ओनरशिप फ्लॅट ही नवी चीज आली. इमारत उभी राहण्याआधीच पैसे भरायचे, ताबा मागाहून. गैरप्रकार इतके वाढले, की राज्य स्थापन होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, मे १९६० मध्ये, सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. त्यातून आला १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, म्हणजे आपला ‘मोफा’. आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवायचा, ठरल्या तारखेला ताबा दिला नाही तर पैसे नऊ टक्के व्याजाने परत द्यायचे, आणि नियम मोडल्यास तुरुंगवासाचीही तरतूद. १९६३ च्या मानाने हे खरंच धाडसी होतं.

पण मोफाच्या व्याख्यांचं कलम उघडून बघा. त्यात प्रमोटर आहे, फ्लॅट आहे, निबंधक आहे. एजंट नाही. म्हणजे ज्या माणसाने तुम्हाला जागा दाखवली, ‘पाणी चोवीस तास आहे, समोर बाग होणार आहे’ असं सांगितलं आणि टोकनचे पैसे खिशात घातले, तो कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. आणि प्रमोटरविरुद्धही तक्रार फौजदारी वाटेने न्यायची, नाहीतर दिवाणी न्यायालयात. दाद मागायला स्वस्त आणि सोपी जागा नव्हती.

ती जागा आली २४ डिसेंबर १९८६ ला, ग्राहक संरक्षण कायद्याने. (त्याच तारखेला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो.) वकिलाशिवाय, कमी खर्चात तक्रार करता येणारे मंच आले. आता प्रश्न असा, की घर ही ‘वस्तू’ की ‘सेवा’? बांधकाम करणारे म्हणायचे, आम्ही स्थावर मालमत्ता विकतो, तिच्याशी ग्राहक मंचाचा काय संबंध? १९९३ साली संसदेने सेवेच्या व्याख्येत ‘गृहबांधणी’ हा शब्द घातला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात या वादावर पडदा टाकला. घर बांधून देणं ही सेवा आहे, आणि देणारं सरकारी प्राधिकरण असलं तरी ती सेवाच आहे.

या निकालातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तक्रारदाराला मानसिक त्रासाबद्दल दहा हजार रुपये मंजूर झाले होते. न्यायालयाने म्हटलं, ही रक्कम प्राधिकरणाने आधी द्यावी, आणि मग ज्या अधिकाऱ्यांच्या वागण्यामुळे त्रास झाला त्यांच्याकडून वसूल करावी. म्हणजे चूक एकाची आणि भरणा जनतेच्या पैशातून, असं नको. पुढे २००४ मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी एक सूत्र घातलं: सरसकट सगळ्यांना अठरा टक्के व्याज लावून मोकळं होऊ नका, प्रत्येकाचं नुकसान काय आणि किती ते बघून भरपाई ठरवा. ज्याला ताबा मिळाला पण उशिरा, आणि ज्याला घर मिळालंच नाही, या दोघांचं दुखणं एक कसं असेल?

आता येऊ रेराकडे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला होता, पण २०१६ च्या केंद्रीय कायद्याने तो रद्द झाला आणि १ मे २०१७ पासून महारेरा पूर्ण ताकदीने सुरू झालं. इथे पहिल्यांदा एजंट कायद्याच्या पुस्तकात शिरला. दलाल, मध्यस्थ, ब्रोकर, नाव काहीही असो, सगळे ‘रिअल इस्टेट एजंट’. कलम ९ नुसार त्याला नोंदणी सक्तीची. कलम १० त्याची कर्तव्यं सांगतं: नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायचं नाही, नसलेल्या परवानग्या आहेत असं सांगायचं नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, बुकिंगच्या वेळी सगळी कागदपत्रं ग्राहकाला मिळतील असं बघायचं. ही कलमं मोडली तर कलम ६२ नुसार दिवसाला दहा हजार रुपये दंड, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत.

पन्नासहून अधिक वर्षं गायब असलेला माणूस एकदाचा सापडला. पण आता कोड रिव्ह्यूच्या नजरेने तीन कलमं एकापुढे एक ठेवून बघा.

कलम ७१: भरपाई ठरवण्यासाठी न्यायनिर्णय अधिकारी नेमायचा. कोणत्या कलमांखालची भरपाई? १२, १४, १८ आणि १९. यातलं १२ म्हणजे खोट्या जाहिरातीमुळे झालेलं नुकसान, १४ म्हणजे मंजूर नकाशा बदलणं आणि बांधकामातले दोष, १८ म्हणजे ताब्याचा उशीर आणि सदोष मालकी हक्क. तिन्ही प्रमोटरवर. १९ हे घर घेणाऱ्याच्या हक्क-कर्तव्यांचं. एजंटाचं कलम १० या यादीत नाही.

कलम ४०: प्रमोटर, ग्राहक किंवा *एजंट* यांनी व्याज, दंड किंवा भरपाई भरली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची.

कलम ७६: दंडाची रक्कम राज्य सरकार ठरवेल त्या खात्यात जमा करायची.

आली का गंमत लक्षात? एजंटाकडून भरपाई वसूल करायचं फंक्शन लिहून ठेवलंय, पण ती भरपाई ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये एजंटाचा पॅरामीटरच घेतलेला नाही. एजंटाविरुद्ध तक्रार करता येते, ती कलम ३१ मध्ये स्पष्ट आहे. प्राधिकरण त्याला कलम ३७ खाली निर्देश देऊ शकतं, त्याची नोंदणी रद्द करू शकतं, दंड लावू शकतं. पण ‘या माणसाच्या थापेमुळे माझं इतकं नुकसान झालं, ते मोजा आणि त्याच्याकडून द्या’ याला बिल्डरच्या बाबतीत जशी सरळ वाट आहे, तशी एजंटाच्या बाबतीत लिहिलेली नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात कामाची वाटणी स्पष्ट केली, की परतावा आणि व्याज प्राधिकरणाकडे, भरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे. तिथेही यादी तीच: १२, १४, १८, १९.

हे नुसतं पुस्तकी नाही. माझ्या एका मित्राने वाकडला फ्लॅट बघितला होता. एजंटाने एक लाख टोकन घेतलं, ‘आजच द्या, उद्या भाव वाढणार’ वगैरे नेहमीचं कीर्तन करून. पैसे गेले एजंटाच्या खात्यावर. बिल्डरकडे गेल्यावर कळलं, की तो फ्लॅट कधीच विकला गेलाय आणि ‘तो आमचा माणूस नाही’. पोलिसांनी अर्ज घेतला. नोंदणी तपासली तर ती एजंटाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या भागीदाराच्या नावावर. मित्राला दंड, निलंबन यातलं काही नको होतं. त्याला त्याचे एक लाख हवे होते, आणि ते कोण देणार हे त्याला एकाही टेबलावर कुणी सांगू शकलं नाही.

हीच अडचण इतर देशांतही आली होती. तिथे उत्तर काय काढलं ते बघण्यासारखं आहे.

कॅलिफोर्नियात १८८७ च्या सुमारास रेल्वे कंपन्यांचं भाडेयुद्ध पेटलं. मिसुरी नदीपासून लॉस एंजेलिसचं तिकीट काही काळ एका डॉलरवर आलं. माणसांचे लोंढे आले आणि प्लॉट विकणारेही आले. ओसाड वाळवंटातल्या काटेरी झाडांना संत्री टोचून ‘ही बघा फळबाग’ म्हणून प्लॉट विकल्याची गोष्ट तिकडे अजून सांगतात. (आपल्या सॅम्पल फ्लॅटचे पूर्वज!) कागदावरची कितीतरी गावं पुढे नकाशावरूनही पुसली गेली. १९१७ मध्ये त्या राज्याने एजंटांना परवाना सक्तीचा केला. न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, मग १९१९ मध्ये नव्याने केलेला टिकला. अमेरिकेतला हा सुरुवातीचा परवाना कायदा.

पण परवाना रद्द केल्याने बुडालेले पैसे परत येत नाहीत, हे त्यांनाही कळलं. म्हणून १९६४ मध्ये त्यांनी एक भरपाई निधी काढला. एजंटांकडून येणाऱ्या परवाना शुल्काचा काही भाग त्यात जातो. परवानाधारक एजंटाने जाणूनबुजून फसवलं, न्यायालयाने तसा निकाल दिला, आणि त्याच्याकडून वसुलीचा प्रयत्न करूनही हाती काही लागलं नाही, तर हा निधी ग्राहकाला पैसे देतो. एका व्यवहारामागे कमाल पन्नास हजार डॉलर, एका एजंटामागे एकूण अडीच लाख. आणि निधीतून पैसे गेले की त्या एजंटाचा परवाना तिथल्या तिथे स्थगित, निधीची रक्कम व्याजासकट फेडेपर्यंत. यात त्रुटी आहेतच. आधी न्यायालयात जिंकावं लागतं, आणि एकाच एजंटाने पुष्कळांना बुडवलं असेल तर अडीच लाखांची वाटणी होऊन प्रत्येकाला थोडं थोडं मिळतं. तरीही, ‘पैसे कोण देणार’ या प्रश्नाला तिथे उत्तर आहे.

जपानने दुसरी युक्ती केली. त्यांचा या धंद्याचा कायदा १९५२ चा. त्यानुसार धंदा सुरू करण्याआधी मुख्य कार्यालयामागे एक कोटी येन आणि प्रत्येक शाखेमागे पन्नास लाख येन सरकारकडे अनामत ठेवावी लागते. फसलेला ग्राहक त्या रकमेवर हक्क सांगू शकतो. लहान एजंटांना एवढे पैसे कुठून परवडणार? त्यांच्यासाठी हमी संघ आहेत. संघाचं सभासद झालं की एक कोटीऐवजी साठ लाख नव्हे, फक्त सहा लाख येन भरायचे, आणि ग्राहकाला भरपाई मात्र मोठ्या अनामतीइतकीच मर्यादा धरून संघाकडून मिळते. सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं, एकाने घाण केली तर सगळ्यांना झळ. त्यामुळे संघालाच आपल्या सभासदांवर लक्ष ठेवावंसं वाटतं. आपल्या बैलबाजारातली पत त्यांनी रोख रकमेत मोजून ठेवली, एवढंच.

महारेराने एजंटांसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०२३ मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, आणि २०२४ च्या मे महिन्यात प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे वीस हजार एजंटांच्या नोंदण्या स्थगित केल्या. २०१८ पासून मुंबई ग्राहक पंचायत आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांना घेऊन सलोखा मंचही चालवला. ही दारावरची चाळण झाली. चाळणीतून सुटलेल्या एकाने बुडवलं तर भरून कोण देणार, हा प्रश्न तिथेच आहे. २०१७ च्या आपल्या नियमांत एजंटाचं नोंदणी शुल्क व्यक्तीला दहा हजार आणि कंपनीला एक लाख ठेवलं होतं. या शुल्कातला ठरावीक हिस्सा आणि कलम ६२ खालचे दंड मिळून एक भरपाई निधी करायला रॉकेट सायन्स लागत नाही. दंड कुठल्या खात्यात टाकायचा हे ठरवायचा अधिकार कलम ७६ ने राज्यालाच दिलाय. आणि कलम ७१ च्या यादीत संसदेने एक आकडा वाढवला, १०, की तुटलेला रस्ता जोडला जाईल.

ते होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? टोकन कधीही एजंटाच्या खात्यावर नाही, प्रकल्पाच्या महारेरात नोंदवलेल्या खात्यावरच. एजंटाचा ‘ए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा, आणि त्यावरचं नाव आणि समोरच्या माणसाचं नाव एकच आहे ना ते बघा. हा एजंट आमचा अधिकृत आहे, एवढी एक ओळ बिल्डरकडून मेलवर मागा. कलम २३८ चा उत्तरार्ध त्या एका ओळीने बोथट होतो. आणि दलाली तुम्ही दिली असेल तर तिची पावती घ्या. पैसे देऊन सेवा घेतली, की तुम्ही ग्राहक. मग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगाकडे एजंटाविरुद्ध थेट भरपाई मागता येते. रेरात जी वाट धूसर आहे ती इथे मोकळी आहे, आणि तिचं तिकीट म्हणजे ती पावती.

पावती मागितली की पुष्कळ एजंट ‘अहो साहेब, विश्वास नाही का?’ म्हणून हिरमुसतात. हिरमुसू द्या.